सायलेन्सरची नळी उजळवण्यापूर्वी तिची काजळी वाचावी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी देशातील अनेक घरांसमोर आणि गृहसंकुलांच्या आवारांत एकसारखेच दृश्य दिसते. मोटारी धुतल्या जातात, काचा पुसल्या जातात, चाकांवरील चिखल खरवडून काढला जातो. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात गाडीला झेंडूची माळ चढते. कर्नाटक आणि तमिळनाडूत आयुधपूजेनिमित्त चाकांखाली लिंबू ठेवले जाते. पश्चिम बंगाल आणि झारखंडमध्ये हाच मान सप्टेंबरमधील विश्वकर्मा पूजेच्या दिवशी वाहनांना मिळतो. मात्र या सर्व निगराणीत मागील बंपरखालची एक वस्तू बहुधा दुर्लक्षित राहते. ती म्हणजे सायलेन्सरच्या नळीचे तोंड.

काही वाहनधारक आवर्जून ही नळीही घासतात. काळवंडलेला धातू पुन्हा चकाकू लागला की गाडी नवी दिसू लागते, हे खरेच. परंतु नळीवर साचलेला थर हा केवळ मळ नसतो. इंजिनात इंधन कसे जळत आहे, याची ती नोंद असते. कापडाच्या एका फटकाऱ्यासरशी ही नोंद पुसली जाते. म्हणून नळी उजळवण्यापूर्वी ती नीट पाहून घेणे, हा या कामाचा पहिला आणि सर्वांत उपयुक्त टप्पा ठरतो.

नळीपर्यंत काय येते?

पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण बरोबर जुळल्यास ज्वलनातून प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. एक लिटर पेट्रोल जळल्यावर जवळपास एक लिटर पाणी तयार होते, हे अनेकांना ठाऊक नसते. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी सुरू केल्यावर नळीतून पांढरी वाफ निघते आणि पाण्याचे थेंब टपकतात, ते याच कारणाने. इंजिन तापल्यानंतर हे थांबत असेल, तर त्यात चिंतेचे काही नसते.

हवा कमी पडली किंवा इंधन जास्त झाले की ज्वलन अपुरे राहते. मग कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले हायड्रोकार्बन आणि कार्बनचे सूक्ष्म कण, म्हणजेच काजळी, तयार होते. आधुनिक पेट्रोल मोटारींत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांपैकी बहुतांश विषारी वायूंचे रूपांतर तुलनेने निरुपद्रवी वायूंत करतो. त्यानंतर धूर सायलेन्सरमधून जातो, त्याचा आवाज कमी होतो आणि शेवटी तो नळीच्या तोंडातून बाहेर पडतो. वाटेत जे काही बिघडले असेल, त्याची खूण या तोंडाशी उमटू शकते.

खुणांचा अर्थ कसा लावावा?

यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा बोटाभोवती गुंडाळून नळीच्या आतील कडेवरून फिरवावा आणि कापडावर काय आले ते पाहावे.

पेट्रोल गाडीच्या नळीतून कोरडी, भुकटीसारखी आणि अगदी थोडी काजळी निघाली, तर ते सामान्य मानले जाते. जवळच्या अंतरावर वारंवार ये-जा करणाऱ्या गाडीत ती थोडी अधिक असते, कारण इंजिन पुरेसे तापण्याआधीच बंद होते. सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या नव्या पेट्रोल इंजिनांत तर गाडी सुस्थितीत असतानाही नळी लवकर काळी होते. मात्र काजळीचा जाड, मखमली थर अल्पावधीतच पुन्हा साचत असेल आणि सोबत इंधनाचा खपही वाढला असेल, तर हवेचा फिल्टर तुंबला आहे का, इंजेक्टर किंवा एखादा सेन्सर बिघडला आहे का, हे तपासून घ्यावे.

कापडावर आलेला काळा थर ओलसर, चिकट आणि तेलकट असेल, तर इंजिन ऑइल ज्वलनकक्षात शिरत असण्याची शक्यता असते. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजल्यावर असे घडते. अशा गाडीतून वेग वाढवताना निळसर धूर निघतो आणि ऑइलची पातळी वरचेवर खाली जाते. हे जळालेले ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही निकामी करू शकते. त्यामुळे दुरुस्ती लांबवल्यास खर्च अनेक पटींनी वाढतो.

इंजिन तापल्यानंतरही दाट पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि रेडिएटरमधील कूलंट कमी होत गेले, तर कूलंट इंजिनाच्या आत झिरपत असल्याचा संशय घ्यावा. अशी गाडी चालवत राहणे इंजिनासाठी घातक ठरते.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांची नळी सहसा बरीच स्वच्छ असते. मात्र या इंधनात हायड्रोजनचे प्रमाण अधिक असल्याने पाण्याची वाफ जास्त तयार होते आणि सायलेन्सर आतून गंजण्याचा धोका राहतो. सीएनजी गाडीची नळी तेलकट काळी दिसू लागली, तर ती ऑइल जळत असल्याची खूण असू शकते.

बीएस-६ मानकाच्या डिझेल मोटारींची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यात काजळी अडवणारा आणि ठरावीक काळाने ती आतच जाळून टाकणारा फिल्टर असतो. त्यामुळे अशा गाडीची नळी वर्षानुवर्षे जवळजवळ स्वच्छ राहायला हवी. तिच्यात दाट काजळी आढळली, तर फिल्टरला तडा गेला आहे किंवा तो कोणीतरी काढून टाकला आहे, असा अर्थ निघू शकतो. जुनी डिझेल गाडी विकत घेणाऱ्याने ही साधी चाचणी अवश्य करावी. विकण्यासाठी मांडलेल्या गाडीची नळी आधीच घासून-पुसून चकचकीत केलेली असेल, तर इंजिन तापेपर्यंत गाडी चालवून मगच कापड फिरवावे.

तीन दशकांत बदललेली नळी

पेट्रोलमध्ये शिसे मिसळले जात असे, त्या काळात लांबचा प्रवास करून आलेल्या मोटारीच्या नळीत आतून फिकट राखाडी थर दिसे. तो शिशाच्या क्षारांचा असे. शिशामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. म्हणून १९९५ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा करताना तेथे शिसेविरहित पेट्रोलही उपलब्ध करून देण्यात आले. फेब्रुवारी २००० पासून संपूर्ण देशात शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले.

पुढील टप्प्यांची आखणी करण्यासाठी केंद्र सरकारने गोव्यात जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. या समितीने २००२ मध्ये अहवाल सादर केला आणि त्याच्या आधारे २००३ मध्ये वाहन इंधन धोरण स्वीकारण्यात आले. एप्रिल २०१७ मध्ये बीएस-४ मानक देशभर लागू झाले. त्यानंतर बीएस-५ हा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ मानक अमलात आले. या बदलासोबत इंधनातील गंधकाची कमाल मर्यादा दर दहा लाख भागांमागे ५० वरून १० भागांवर आणण्यात आली. गंधक कमी झाल्याने धुरातील आम्लता घटली. याचा लाभ हवेला झाला, तसाच सायलेन्सरच्या पत्र्यालाही झाला.

धातू कोणता, हे आधी ओळखावे

नळीचे दिसणारे टोक साधारणपणे तीन प्रकारांचे असते. पहिला प्रकार स्टेनलेस स्टीलचा. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये क्रोमियमयुक्त पोलाद तयार केले, तेव्हापासून हा धातू सर्वपरिचित झाला. यातील क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर अतिशय पातळ, पारदर्शक कवच तयार करते. कवच ओरखडले तरी ते पुन्हा आपोआप तयार होते. गाडीखालच्या न दिसणाऱ्या भागांत सुमारे ११ टक्के क्रोमियम असलेले स्वस्त पोलाद वापरले जाते आणि त्यावर वरवरचा तपकिरी गंज चढतो. दर्शनी टोकासाठी मात्र अनेकदा १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले, म्हणजे स्वयंपाकघरातील उत्तम भांड्यांच्या प्रतीचे स्टील वापरतात. उष्णतेमुळे त्यावर सोनेरी किंवा निळसर झाक येते. ती मळाची नसून, कवचाची जाडी वाढल्यामुळे दिसणारा तो प्रकाशाचा खेळ असतो.

दुसरा प्रकार क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादाचा. यातील क्रोमचा थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि त्याखाली निकेलचा थर असतो. क्रोमला आरशासारखी निळसर चमक असते आणि जुना झाल्यावर कडेला त्याचे पापुद्रे सुटू लागतात. तिसरा प्रकार काळ्या रंगाच्या लेपाचा. त्यावर पॉलिश कधीही लावू नये. साबणाच्या पाण्याने धुणे पुरेसे असते.

अलीकडील अनेक मोटारींत बंपरवर दिसणारी चकचकीत तोंडे केवळ शोभेची असतात आणि खरी नळी आत खाली वळवलेली असते. अशा ठिकाणी इंजिनाची खूण शोधायची तर खाली वाकून खरी नळीच पाहावी लागते.

स्वच्छतेची रीत

गाडी बंद केल्यावर किमान दोन-तीन तास थांबावे. वरून थंड वाटणारी नळी आतील बाजूने तापलेली असू शकते. गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत उभी करून हँडब्रेक लावावा. रबरी हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी. ही काळजी अनाठायी नाही. धुराड्यांतील काजळी आणि ती साफ करणाऱ्या कामगारांना होणारा कर्करोग यांचा संबंध लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच दाखवून दिला होता. डिझेल इंजिनाचा धूर मानवात कर्करोगास कारणीभूत ठरतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केला.

काम सुरू करताना एक लांब फडके नळीत साधारण वीतभर आत सारावे, म्हणजे पाणी आणि मळ आत जाणार नाही. फडक्याचे दुसरे टोक बाहेर लोंबते ठेवावे आणि गाडीची किल्ली कोणाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. काम संपल्यावर फडके काढण्यास विसरल्यास धुराचा मार्गच बंद होतो.

त्यानंतर नळी साध्या पाण्याने ओली करून गाडी धुण्याचा शाम्पू किंवा भांडी धुण्याचा सौम्य द्रव लावावा. वाळूचे कण आधी धुऊन काढले नाहीत, तर घासताना त्यांचेच ओरखडे पडतात. आतील कडेची काजळी जुन्या टूथब्रशने किंवा बाटली घासण्याच्या ब्रशने मोकळी करावी. तेलकट थर असल्यास तेलकटपणा काढणारा द्रव लावून पाच ते दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा धुवावे. बोटाच्या दोन-तीन पेरांइतक्या खोलीपलीकडे साफ करण्याची गरज नसते.

धुतल्यावर उरलेले डाग धातूनुसार काढावेत. स्टेनलेस स्टीलसाठी धातू चकाकवण्याचे पॉलिश मऊ कापडावर थोडेसे घेऊन, धातूवर दिसणाऱ्या रेषांच्या दिशेने चोळावे. कापड काळे होत जाते, तसा डाग निघत जातो. हट्टी डागांवर नायलॉनची घासणी हलक्या हाताने चालू शकते, परंतु आधी खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला तिची परीक्षा घ्यावी. क्रोमवर घासणी मुळीच चालवू नये. त्यावर गंजाचे बारीक ठिपके असतील, तर ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा बोळा पाण्यात बुडवून हळुवार फिरवल्यास ते बऱ्याच अंशी निघतात. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने मुलाम्यावर सहसा ओरखडा पडत नाही. मात्र जिथे मुलामा सुटून खालचे पोलाद उघडे पडले आहे, तिथे कितीही घासले तरी चमक परत येत नाही. अशा वेळी टोक बदलणे किंवा पुन्हा मुलामा देणे, एवढाच मार्ग उरतो.

शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन नळी पूर्ण कोरडी करावी आणि फडके काढावे. संरक्षक थर द्यायचा असल्यास उष्णता सहन करणारे, धातूसाठीचे द्रव्य निवडावे. गाडीच्या रंगावर लावायचे साधे मेण येथे फार काळ टिकत नाही. मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई, विशाखापट्टणम अशा समुद्रकाठच्या भागांत खाऱ्या हवेतील क्लोराइड धातूला टोचणारा गंज आणते. तेथे महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने नळी धुणे, हे पॉलिशपेक्षाही अधिक हिताचे असते.

काय टाळावे?

स्वच्छतागृहाच्या फरशीसाठी मिळणारे ॲसिड काही ठिकाणी सर्रास वापरले जाते. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल स्टेनलेस स्टीलचे संरक्षक कवच नष्ट करते. नळी त्या दिवशी उजळ दिसते, पण पुढे तिच्यावर खड्डे पडून गंज धरतो. चिंच आणि लिंबू तांब्या-पितळेसाठी योग्य असले, तरी येथे लावलेच तर लगेच धुऊन टाकावे. भांड्यांची राख आणि लोखंडी तारेची घासणी दोन्ही टाळावीत. राखेतील खर क्रोमवर ओरखडे पाडते, तर घासणीचे बारीक लोखंडी कण स्टीलमध्ये रुतून तेच गंजू लागतात. काजळी काढण्यासाठी पेट्रोल किंवा रॉकेल वापरणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय. उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा थेट नळीच्या आत मारू नये.

चमकेपेक्षा महत्त्वाची तपासणी

नळी साफ करताना माणूस गाडीच्या मागे वाकलेला असतो. हीच वेळ संपूर्ण सायलेन्सर पाहून घेण्याची असते. नळी हलक्या हाताने हलवून पाहावी. ती धरून ठेवणारे रबरी कडे तुटले असेल, तर ती खडखडते. पत्र्यावर गंजाने पडलेली छिद्रे, सांध्यांवर काजळीचे काळे ओघळ, गाडी सुरू केल्यावर वाढलेला फटफट आवाज या गळतीच्या खुणा आहेत.

गळती गंभीर का मानावी, याचे कारण कार्बन मोनॉक्साइड हे आहे. या वायूला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूशी दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडले जाते आणि शरीराला मिळणारा प्राणवायू कमी पडू लागतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे असतात. प्रवासाचा शीण समजून त्यांकडे दुर्लक्ष होते आणि झोपेतच माणूस दगावू शकतो. गाडीच्या मध्यावर सायलेन्सर फुटला असेल, तर हा वायू फटींतून आत शिरू शकतो. म्हणूनच काचा बंद करून, इंजिन आणि एसी सुरू ठेवून गाडीत झोपणे धोक्याचे आहे. बंदिस्त गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. हिमाचल प्रदेश, काश्मीर किंवा सिक्कीममध्ये बर्फात गाडी अडकल्यास नळीचे तोंड मोकळे असल्याची खात्री केल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. पुराच्या पाण्यात इंजिन बंद पडले, तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न न करता गाडीतून बाहेर पडावे.

पीयूसीला पर्याय नाही

काजळी बरेच काही सांगते, पण सर्व काही सांगत नाही. नळी स्वच्छ असूनही धुरातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण जास्त असू शकते, कारण हा वायू डाग ठेवत नाही. तो मोजावाच लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नव्या वाहनाला नोंदणीपासून एक वर्षानंतर प्रदूषण नियंत्रणाचे, म्हणजे पीयूसी प्रमाणपत्र घ्यावे लागते. बीएस-४ आणि बीएस-६ वाहनांसाठी त्याची मुदत एक वर्षाची आणि त्याहून जुन्या मानकांच्या वाहनांसाठी सहा महिन्यांची असते. तपासणीत पेट्रोल गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात, तर डिझेल गाडीच्या धुराची घनता पाहिली जाते. प्रदूषणाच्या मर्यादेचे उल्लंघन झाल्यास २०१९ च्या कायदा दुरुस्तीनुसार दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हे प्रमाणपत्र केवळ पोलिसांना दाखवण्याचा कागद नाही. त्यावरील आकडे मागील वेळच्या आकड्यांशी ताडून पाहिले, तर इंजिनातील बिघाड वाढण्याआधीच लक्षात येऊ शकतो. गाडी तपासणी केंद्रावर नेऊन, सळई खरोखर नळीत घालूनच तपासणी करून घ्यावी.

वर्षातून दोन वेळा, पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, अर्धा तास काढला तरी हे सर्व काम पार पडते. पांढऱ्या कापडावरील खूण पाहावी, सायलेन्सरचे सांधे तपासावेत, मग नळी धुऊन उजळवावी. साफसफाईनंतर पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा कापड फिरवून पाहावे. कापड बऱ्यापैकी स्वच्छ राहिले, तर पुढील साफसफाईपर्यंत काळजीचे कारण नाही. ते पुन्हा गडद काळे झाले, तर गाडीला पॉलिशची नव्हे, तर कुशल मेकॅनिकची गरज आहे, असे समजावे.